थोड्यांची भूक



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा पडली. तेव्हापासून देशाचे दारिद्र्य हा विषय अशा व्यासपीठांना कधी परका राहिलेला नाही. त्या काळी विचार चाले तो दरिद्री देशाच्या दारिद्र्याचा. आज आम्ही जो विषय आपल्यापुढे मांडणार आहोत तो थोडा निराळा, आणि आमच्या समजुतीप्रमाणे अधिक अवघड आहे. संपन्न मुलखातील बालकांची भूक, हा तो विषय. त्यासाठी आपणांस मेळघाटात किंवा नंदुरबारला नेण्याचा आमचा विचार नाही. स्वारगेटला एस.टी.त बसावे आणि सुमारे दोन तासांत उतरावे, एवढ्या अंतरावरचे भोर आणि वेल्हे हे दोन तालुके आम्ही निवडले आहेत. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. परंतु लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच नाव वापरू.

या मुलखाची ओळख आपणांस करून द्यावी लागेल असे नाही. तोरणा आणि राजगड येथलेच. भोरचे संस्थान 1948 साली विलीन झाले, तोवर तेथे पंतसचिवांचा कारभार होता. पण आमच्या विषयाला धरून या मुलखाची खरी ओळख पाण्याची आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण भोर तालुक्यात आहे. नीरा देवघर त्याच तालुक्यात आहे. पानशेत आणि वरसगाव वेल्ह्यात आहेत. या चार धरणांत मिळून 58 अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. भाटघरच्या पाण्यावर नीरेचे कालवे वाहतात आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांत ऊस उभा राहतो. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून आपल्या नळांना येते. पुणेकरांना पानशेत आठवते ते 12 जुलै 1961 च्या पुरामुळे. एरवी आपण सकाळी तोंड धुतो ते ज्या डोंगरांच्या पाण्याने, त्या डोंगरांतल्या मुलांची चौकशी करण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच येतो.

ज्या खोऱ्यांत हे पाणी अडले, तेथील भातखाचरे पाण्याखाली गेली. उरली ती चढावरची जमीन. तिच्यावर पावसाळ्यात नाचणी आणि वरी होते. खालच्या खाचरांत आंबेमोहोर, इंद्रायणी होतो. पीक एकच, खरिपाचे. भात झोडून झाला की शेतावरचे काम संपते. येथून साखर पिकविण्याइतके पाणी बाहेर जाते, आणि येथले मजूर कुटुंब दिवाळीनंतर पोट भरण्यासाठी त्याच पाण्याच्या वाटेने खाली उतरते. ही गोष्ट कोणाला दोष देण्यासाठी आम्ही सांगत नाही. संपत्ती आणि भूक या दोन निरनिराळ्या देशांत राहत नाहीत, त्या एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला राहू शकतात, एवढेच ध्यानात यावे.

श्रीमंत देशात मुले उपाशी कशी राहतील, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. इंग्लंडचे साम्राज्य ऐन भरात असताना सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची घरोघर पाहणी केली. ती 1901 साली प्रसिद्ध झाली. शहरातील शेकडा सुमारे 28 लोक दारिद्र्यात आहेत, असे तिच्यात आढळले. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने अपात्र ठरले, तेव्हा सरकारला जाग आली आणि 1906 साली शाळेतील मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. त्यानंतर तीस वर्षांनी, 1936 मध्ये, जॉन बॉइड ऑर यांनी दाखवून दिले की ब्रिटनमधील सुमारे निम्म्या लोकांचा आहार आरोग्यास पुरेसा नाही. अमेरिकेचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. 2021 साली तेथील सरकारने मुलांच्या नावाने पालकांना मिळणारी करसवलत वाढविली आणि तिचा काही भाग दरमहा रोख दिला. त्या एका वर्षात बालदारिद्र्याचे प्रमाण शेकडा 5.2 पर्यंत उतरले. सवलत थांबली, आणि 2022 मध्ये तेच प्रमाण शेकडा 12.4 वर गेले. एका वर्षात देश गरीब झाला नव्हता. देण्याची व्यवस्था तेवढी बंद झाली होती.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात आज वर्षाला 33 कोटी टनांहून अधिक धान्य पिकते. दुधाच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे आणि तांदळाच्या निर्यातीतही पहिला आहे. देशाच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा उचलणारे राज्य महाराष्ट्र. असे असूनही 2019 ते 2021 या काळात झालेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काय सांगते? महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शेकडा 35.2 मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. उंचीच्या मानाने ज्यांचे वजन फार कमी, अशी रोडावलेली मुले शेकडा 25.6 आहेत. सबंध भारताचा हा दुसरा आकडा 19.3 आहे. म्हणजे रोडावलेल्या बालकांच्या बाबतीत हे धनवान राज्य देशाच्या सरासरीहूनही मागे आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत रक्तक्षय असलेली मुले राज्यात शेकडा 68.9 निघाली, त्याआधीच्या, 2015-16 च्या, पाहणीत ती 53.8 होती.

हे आकडे राज्याचे झाले. आमचे मुख्य म्हणणे मात्र याच्या पुढचे आहे. अशी पाहणी राज्याचा आकडा देते, जिल्ह्याचा देते, आणि तेथे थांबते. तालुका तिच्यात दिसत नाही. वाडी तर नाहीच नाही. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94 लाखांवर होती. त्यांत वेल्ह्याचे लोक सुमारे 54 हजार. 94 लाखांच्या सरासरीत 54 हजार मिसळले की त्यांचा रंगही उरत नाही. मग त्या 54 हजारांतल्या एखाद्या शंभर माणसांच्या वाडीची काय कथा! गरीब जिल्ह्यातील भूक पुष्कळांची असते, म्हणून ती दिसते. तिच्यासाठी विधिमंडळात प्रश्न येतात, मंत्री दौरे काढतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. श्रीमंत जिल्ह्यातील भूक थोड्यांची असते, आणि थोड्यांची भूक झाकण्यास सरासरीइतके जाड पांघरूण दुसरे नाही.

भूक मोजावी कशी, यावर याच पुण्यात मोठा वाद झालेला आहे. प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली 'भारतातील दारिद्र्य' या विषयावरील आपला अभ्यास मांडला. माणशी रोजचे 2,250 उष्मांक मिळण्यास किती खर्च येतो, यावर त्यांनी दारिद्र्याची रेषा बसविली होती. डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा की माणसाची गरज रोज सारखी नसते, कमी अन्नातही शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून या रेषेने उपाशी माणसांची संख्या फुगते. दोघेही थोर अभ्यासक, आणि वाद मोलाचा. परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आम्हांला त्या रेषेकडे पाहण्याची गरज वाटत नाही. अंगणवाडीताईंजवळ दंडाचा घेर मोजण्याची एक पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरांहून घेर कमी भरला की पट्टीचा तांबडा रंग दिसतो, आणि मूल तीव्र कुपोषित ठरते. तेथे वादाला जागाच नाही.

मग या दोन तालुक्यांत तांबड्या पट्टीच्या सर्वांत जवळ कोण आहे? डोंगरमाथ्यावरचे धनगर, मागल्या खोऱ्यांतले महादेव कोळी, भूमिहीन मजूर यांचे जिणे कष्टाचे आहेच. पण सर्वांत खालच्या पायरीवर कातकरी आहेत. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे, म्हणून कातकरी. जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा गेला. सरकारने ज्यांना विशेष दुर्बल आदिवासी गट ठरविले आहे, अशा महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. ज्या जमिनीवर खोपटे उभी आहेत ती पुष्कळदा दुसऱ्याच्या नावे असते. त्यामुळे तेथे नळ येत नाही, रस्ता येत नाही, अंगणवाडीची इमारतही येत नाही.

त्यांचे वर्ष कसे जाते पाहा. पावसाळ्यात लावणीची मजुरी मिळते. जोडीला खेकडे, मासे, रानभाज्या, कंद असतात. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपलेले असते, तेव्हा भट्टीच्या मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. दिवाळी झाली की ती उचल फेडण्यासाठी सबंध कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. आई पहाटे गारा करण्यास बसते. सहा-सात वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. त्या धाकट्याचे जेवण म्हणजे आईला सवड होईल तेव्हाचा भाताचा घास.

आता वैद्यक काय सांगते ते ऐका. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. त्यानंतर वरचे अन्न हवे. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा जेवण, आणि मध्ये एक-दोन वेळा काही खाऊ. कारण मुलाचे पोट लहान असते; मोठ्या माणसासारखे दोन वेळा भरून चालत नाही. त्यांत मऊ भाताबरोबर डाळ, तेल, अंडे किंवा मासळी, फळभाजी पडावी लागते. दूषित पाण्याने हगवण लागली की खाल्लेलेही अंगी लागत नाही. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत जी वाढ खुंटते, ती पुढे भरून काढणे फार कठीण जाते. म्हणजे बालकाची भूक ही केवळ धान्याची टंचाई नाही. कोणीतरी जवळ बसून, ठरल्या वेळी, पुन्हा पुन्हा भरविले पाहिजे, आणि ते 'कोणीतरी' जेथे कामावर गेलेले असते, तेथे रेशनच्या पोत्यासमोरही मूल उपाशी राहते.

येथे कोणी म्हणेल, सरकारने पुष्कळ केले आहे. ते खरे आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम दिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्न हा हक्क झाला. महाराष्ट्राने 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढले. दोन वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये शेकडा 39 च्या आसपास होते, ते 2012 च्या पाहणीत शेकडा 23 च्या आसपास आले. मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा तो पुरावाच आहे. पुढे मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालील खुंटलेली मुले 2015-16 मध्ये शेकडा 34.4 होती आणि 2019-21 मध्ये 35.2.

या व्यवस्थेच्या जाळ्याची भोके कोठे आहेत, ते आपण बारकाईने पाहू. पहिले भोक संख्येचे. डोंगराळ आणि आदिवासी भागात 300 लोकवस्तीला अंगणवाडी आणि 150 पासून पुढे छोटी अंगणवाडी, असे निकष ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणखी एक दार उघडले : वस्तीत सहा वर्षांखालील 40 मुले असतील तर लोकांनी मागावी, सरकारने द्यावी. पण वीस खोपटांच्या वाडीत माणसेच शंभर. मुले भरतील पंधरा-वीस. ती कोणत्याच निकषात बसत नाही. दुसऱ्या गावची अंगणवाडी ओढ्यापलीकडे असते, आणि वेल्ह्याच्या पावसात ओढा ओलांडून तीन वर्षांचे मूल जेवायला जात नाही.

दुसरे भोक हद्दीचे. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील गावांचे. भोर आणि वेल्हे त्यात नाहीत. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी राज्याची अमृत आहार योजना 2015 पासून चालू आहे. ती आखली गेली ती आदिवासी क्षेत्राच्या हिशेबाने. जमात तीच, दारिद्र्य तेच, पण राहण्याचे गाव रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर ताट ठरते.

तिसरे भोक वयाचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत शिजविलेले अन्न मिळते. तीन वर्षांखालच्यांना घरपोच शिधा मिळतो. ज्याला भरविण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच्या घरी पाकीट जाते. आणि घरी भरविणारी आई भट्टीवर असते. चौथे भोक स्थलांतराचे. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते, पण ती आधी हाती असली पाहिजे. आणि भट्टीवरच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत कोणी बोलावून घेतले पाहिजे.

या वेळी एक युक्तिवाद हटकून पुढे येतो : आईबापच अडाणी, व्यसनी, त्याला सरकार काय करणार? आम्ही याचे उत्तर साधेपणाने देऊ. शहरातील सुशिक्षित आईलाही नोकरीच्या वेळात मूल सांभाळण्यासाठी पाळणाघर लागते. आपण तिला अडाणी म्हणत नाही. जी सोय एकीला गरज वाटते, तीच दुसरीला मिळाली नाही तर तो तिचा दोष कसा ठरतो? आणि बाप दोषी असला तरी दीड वर्षाच्या मुलाने कोणता गुन्हा केला?

उपाय नवे शोधावे लागणार नाहीत. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने 'फुलवारी' काढल्या. गावातल्याच बायका सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले दिवसभर सांभाळतात आणि वेळोवेळी भरवितात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली. नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा साठाहून अधिक उतरल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. 15 नोव्हेंबर 2023 पासून चालू झालेल्या पी.एम. जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या जमातींच्या वस्त्यांवर अंगणवाड्या काढण्याची तरतूद आहे. म्हणजे माणसे तयार करता येतात, पद्धत माहीत आहे, आणि पैशालाही मार्ग आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्याच आहेत. भोर आणि वेल्ह्यातील मुलांच्या वजन-उंचीचा हिशेब वाडीवार जाहीर व्हावा. जिल्ह्याच्या सरासरीने तो बुजवू नये. दहा मुले असली तरी वाडीवर पाळणाघर निघावे आणि त्यात वाडीतलीच बाई नेमावी. आदिवासी क्षेत्राच्या रेषेपेक्षा आदिवासी आई पाहून जेवण द्यावे. प्रत्येक कातकरी कुटुंबाच्या हाती अंत्योदयाची शिधापत्रिका असावी. तसा त्यांचा हक्कच आहे. आणि वीटभट्टीचा परवाना देताना तेथील मुलांच्या जेवणाची सोय विचारली जावी.

यांत पुणेकरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. 1877 च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी त्या मुलांचे आईबाप कोण, जात कोणती, हे पाहिले नाही. आज धनकवडी शहरात आली आहे, आणि भोरकडे जाणारा रस्ता तिच्या अंगावरून जातो. तेव्हा देशात दुष्काळ होता, राज्य परक्याचे होते, आणि हाताशी पैसा थोडा होता. आज यांतील एकही सबब आपल्यापाशी नाही.

भीक म्हणून काही द्यावे असे आमचे सांगणे नाही. पाण्याचा आपण कर भरतो, आणि कर भरला म्हणजे देणे फिटले असे समजतो. तो कर महापालिकेला आणि सरकारला पोहोचतो. ज्या खोऱ्याची खाचरे त्या पाण्याखाली गेली, तेथल्या मुलाचे देणे उरतेच. ते मूल संख्येने थोडे आहे, हे आपल्या सुदैवाचे लक्षण आहे. थोड्यांना पोटभर भरविणे या शहराला मुळीच जड नाही. हिशेब मागणारे नागरिक मात्र पाहिजेत. ते या सभागृहातून निघावेत, एवढी आमची अपेक्षा आहे.